भाऊजींचा हस्तिदंती रंग

आमच्या भाऊजींना कुणी रंगारी म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "रंगारी भिंतींना असतो," ते म्हणायचे, "मी गाड्यांच्या पोटात काम करतो." आणि ते खरंच होतं. जुन्या गाड्यांच्या आतली रेक्झिनची सीट, दाराचं पॅनेल, डॅशबोर्ड, हात लागून लागून काळवंडलेले कोपरे, हे सगळं ते स्प्रेगननं रंगवून द्यायचे. नवं कव्हर घालायचं नाही, जुनं उसवायचं नाही. आहे त्याच कातडीवर रंगाचे पातळ हात मारायचे, एक वाळला की दुसरा. काम झाल्यावर मालक दार उघडायचा आणि आत न बसता तसाच उभा राहायचा. बूट काढू का, असं एकानं तर खरोखर विचारलं होतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. टायरवाल्याच्या मागच्या बाजूला त्यांची लांबट शेड आहे, वर जायला लोखंडी जिना आणि वर त्यांच्या दोन खोल्या. शेडच्या एका कोपऱ्यात माझं शिलाई मशीन असतं. जी सीट रंगवण्यापलीकडे गेलेली असते ती माझ्याकडे येते. माझी जीभ जरा तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. भाऊजींनी माझं नावच ठेवलंय दाभण. "दाभण आलं, आता टोचणं सुरू," असं माझं रोज सकाळी स्वागत व्हायचं. मी म्हणायची, "दाभण नसतं तर तुमची अर्धी गिऱ्हाइकं स्पंजावर बसून घरी गेली असती." मेव्हणीनं भाऊजींचं ऐकून घ्यायचं असतं असा नियम कुठं असेल तर तो मला कुणी दाखवलेला नाही.

त्यांच्या कामाची एक रीत होती. ही सगळी भानगड त्या रीतीतूनच झाली, म्हणून ती आधी सांगते. जुन्या सीटचा वरचा रंग उन्हानं उडालेला असतो, तो बघून काही उपयोग नसतो. भाऊजी ॲशट्रे काढून त्याच्या मागं बघायचे, नाहीतर सीट उचलून बुडाशी, जिथं ऊन कधी पोचलंच नाही. तिथला रंग हा गाडीचा खरा रंग. तो डोळ्यांत साठवायचा आणि डब्यांतून थोडं थोडं घेत तसाच कालवायचा. मोजमाप नाही की शेडकार्ड नाही. बाकीचे लोक अख्ख्या गाडीला पुरेल एवढा रंग एकदाच कालवून ठेवतात. भाऊजींना ते पटायचं नाही. आज जेवढं मारायचं तेवढंच आज कालवायचं, शिळा रंग मी गनमध्ये घालणार नाही, हा त्यांचा तोरा. पुढची सीट आज, मागची सीट पुढच्या आठवड्यात, दोन्हींचा रंग वेगवेगळ्या दिवशी नुसत्या नजरेनं कालवलेला, आणि तरी कुणाला फरक दिसू नये. दिसायचाही नाही. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा.

कालवलेला रंग गनमध्ये घालण्याआधी गाळावा लागतो, नाहीतर एखादा कण अडकतो आणि सीटवर शिंतोडे उडतात. हे गाळायचं काम ताईचं. भाऊजी रंगाचं भांडं तिच्या हातात द्यायचे आणि स्वतः काचांना, स्टिअरिंगला कागद नि चिकटपट्टी लावायला जायचे. ताई बारीक कापडातून रंग गाळायची आणि गन भरून ठेवायची. लग्न झाल्यापासून हेच. ताई फार कमी बोलते. तिच्या वाटणीचं बोलणं आईनं मला देऊन टाकलं असणार.

सुरुवात कधी झाली ते नेमकं सांगता येणार नाही. भाऊजी चष्मा फार पुसायला लागले. मग ट्यूबलाइटला नावं ठेवायला लागले. ट्यूब बदलली तरी उजेड मळकटच. मग भांडं घेऊन दारात, उन्हात जाऊन बघायला लागले, आणि मग उन्हालाही नावं ठेवली. "हल्ली हवेत धूळच फार," म्हणे. मी म्हटलं, "भाऊजी, धूळ हवेत आहे की चष्म्यामागं आहे, हे एकदा डॉक्टरला दाखवा." त्यावर ते स्प्रेगन उघडून पुसायला बसले, आणि ती सकाळीच पुसून झाली होती. त्यांच्या वडिलांचा एक डोळा ऑपरेशन केल्यावर कायमचा गेला होता. वडील शेवटपर्यंत मान वाकडी करून चालायचे, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, आणि भाऊजींनी ते लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते विषय बदलायचे, आणि विषय बदलता नाही आला तर उठून बाहेर जायचे.

पहिला दणका कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला बसला. त्याला खुर्च्या गडद निळ्या करून हव्या होत्या. भाऊजींनी एक खुर्ची रंगवून पाठवली ती चक्क काळी. निळ्याचा मागमूस नाही. सलूनवाला भला माणूस. भाऊजींना काही बोलला नाही, ताईला गाठून हळूच म्हणाला, "वहिनी, मी निळा म्हणालो होतो." ताईनं खुर्ची परत मागवली. भाऊजींना सांगितलं की त्याचा विचार बदललाय, त्याला जरा उजळ निळा हवाय. भाऊजींनी गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुन्हा रंग कालवला. गाळताना ताईनं त्यात निळा वाढवला. खुर्च्या इतक्या झकास झाल्या की भाऊजी पुढं कित्येक महिने त्यांचीच कौतुकं सांगत होते. "असला निळा मारलाय की माणूस दाढी करायची विसरतो." ताई पोळी लाटत ऐकून घ्यायची.

त्यानंतर ती दर वेळी गाळता गाळता भांड्याकडे बघायला लागली. कधी थेंबभर पिवळा, कधी काडीच्या टोकावर लाल. मला हे कळलं ते माझ्या मशीनचा धागा तुटला म्हणून. सुईत धागा ओवायला मान वर केली, तर ताई डाव्या हातानं डब्याचं झाकण दाबून धरत होती, आवाज होऊ नये म्हणून, आणि नजर गाडीकडे, जिथं भाऊजींची पाठ दिसत होती. तिचा चेहरा असा की कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, ही बाई चोरी करतेय.

वर गेल्यावर मी तिला धारेवर धरलं. म्हटलं, "ताई, हे काय नाटक आहे? सरळ सांग त्यांना की तुम्हाला रंग दिसत नाहीत."

"सांगितलं तर काय होईल माहितेय?"

"काय होईल? चार दिवस दुकान बंद राहील. डॉक्टरकडे जातील."

"दुकानाचं सोड गं," ताई म्हणाली. "ते बंद होतील. त्यांच्याकडे दुसरं काय आहे? शिक्षण नाही, बोलायला चार माणसं नाहीत. लोक विचारतात, मास्तर, हा रंग कुठनं आणला, आणि ते म्हणतात, डोळ्यांतनं. एवढंच आहे त्यांच्याकडे. ते मी काढून घेऊ?"

"आणि डोळे गेल्यावर काय करशील? त्यांच्या जागी गन धरशील?"

"मी मागं लागलेय त्यांच्या. होतील तयार."

"कधी? काठी हातात आल्यावर?"

ताईला राग आला की ती भांडी घासायला घेते. तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. मला वाटलं, मोठी बहीण आहे, संसार तिचा, नवरा तिचा, आपण मूग गिळून बसावं. बसले. पण जीव टांगणीला लागला तो लागलाच. ती खोटं किती दिवस रेटणार होती, आणि ज्या दिवशी भाऊजींना कळेल त्या दिवशी या दोघांचं काय होईल, हेच डोक्यात फिरायचं.

मग घड्याळवाल्यांची गाडी आली. घड्याळवाले म्हणजे बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी तरुणपणी घेतलेली लांबलचक मोटार, बाहेरून गडद हिरवी, आतून हस्तिदंती. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून गाडी ते लेकीला देणार होते. "पोरगी हिच्यात लहानाची मोठी झाली," ते भाऊजींना म्हणाले. "मागच्या सीटवर झोपायची. आहे या अवस्थेत दिली तरी ती घेईल, पण मला ते बरं वाटणार नाही. पहिल्यासारखी करून द्या." भाऊजींनी ॲशट्रे काढला, आत डोकावून बघितलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शोरूममधली वाटेल."

हस्तिदंती हा रंग मोठा खट्याळ. पांढऱ्यात पिवळा एवढासा, त्याहून कमी तपकिरी. जरा इकडचं तिकडं झालं की एक तर दवाखान्याची भिंत होते, नाहीतर कावीळ. आणि भाऊजींची गत अशी की पांढरा आणि हस्तिदंती त्यांना आता सारखेच दिसायचे. पुढची सीट झाली, दारं झाली. रोज सकाळी ते कालवायचे, रोज ताई गाळायची. पुढची सीट अशी उतरली की मी स्वतः, मी दाभण, तिच्यावरून हात फिरवून गप्प बसले. भाऊजी म्हणाले, "आज टोचत नाहीस? तब्येत बरी आहे ना?"

मागची सीट राहिली होती आणि निरोप आला की आई घरात घसरून पडली, हात मोडला. दोघींपैकी एकीला जायला हवं होतं. ताई थोरली, शिवाय आईचं तिच्याशीच पटतं. तिनं पिशवी भरली, जिन्यात मला गाठलं आणि म्हणाली, "गाळायला तू बस. आणि बघ जरा."

"मी काय बघू? मला टाक्यातलं कळतं, रंगातलं नाही. त्यांना सांग, मी येईपर्यंत थांबा."

"सांगितलं. नाही म्हणाले. गाडीची तारीख दिलीय."

ती गेली. भाऊजींनी रंग कालवला आणि माझ्यासमोर भांडं ठेवलं. मला रंगातलं कळत नाही, पण डोळे आहेत. भांड्यात खडू होता. मी म्हटलं, "भाऊजी, हा पांढरा आहे."

"ओला रंग असाच दिसतो. वाळला की बसतो."

"पुढच्या सीटशेजारी धरून बघा तरी."

"दाभणानं शिवावं," ते म्हणाले आणि गुणगुणत काचेला कागद चिकटवायला गेले. मी पुन्हा एकदा सांगितलं. तेव्हा त्यांनी मागं न बघता हात हलवला, माशी हाकलावी तसा. मी रंग गाळला. मला त्यात काही घालता आलं नसतं आणि मी घातलंही नसतं. एका घरात एवढा चोरटेपणा पुरे, असं मला वाटत होतं.

सीट वाळली आणि पांढरीच राहिली. दुसऱ्या दिवशी घड्याळवाले बघायला आले. त्यांनी मागचं दार उघडलं, वाकले, मग पुढचं दार उघडलं, पुन्हा मागं आले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, या दोन सीटा दोन वेगळ्या गाड्यांच्या वाटतात हो."

भाऊजी हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. घड्याळवाले हसले नाहीत, तेव्हा भाऊजी गाडीपाशी गेले. त्यांनी चष्मा पुसला. पुढं बघितलं, मागं बघितलं, पुन्हा चष्मा पुसला. त्यांना काहीच फरक दिसत नव्हता, आणि आम्हाला दिसत होतं की त्यांना दिसत नाहीये. ते माझ्याकडे वळले. "दाभण, तू सांग."

मला त्या क्षणी माझ्या जिभेचा पहिल्यांदा कंटाळा आला. म्हटलं, "मागची पांढरीफट्ट आहे, भाऊजी."

त्यांना खरं वाटेना. त्यांनी पुढच्या टायरवाल्याला हाक मारली. तो बिचारा ग्रीसचे हात पुसत आला, आत डोकावला आणि सहज बोलून गेला, "मागची अजून रंगवायची राहिलीय का?" भाऊजी मशीनशेजारच्या माझ्या स्टुलावर बसले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिले. मला भडभडून आलं. इतकी वर्षं या माणसाशी मी रोज भांडत आले, पण त्यांना असं बसलेलं मला बघवेना.

घड्याळवाल्यांनी त्यांची कीव केली नाही, हे त्यांचे उपकार. ते शेजारी बसले आणि म्हणाले, "मला सेकंदाचा काटा दिसेनासा झाला होता. मी सहा महिने घड्याळांनाच शिव्या घातल्या. चला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे." भाऊजींनी वडिलांच्या डोळ्याचं सांगितलं. घड्याळवाल्यांनी स्वतःचे दोन्ही डोळे मोठे करून दाखवले. "हे बघा, दोन्ही जागेवर आहेत."

ताई परत आली आणि आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. तपासता तपासता त्या म्हणाल्या, "हा फार पिकलाय. तुम्ही रंगाचं काम करता म्हणता ना? एवढे दिवस केलं कसं?"

"सवयीनं," भाऊजी म्हणाले. ताई भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होती.

"वर्षभर आधी यायला हवं होतं. उजवा होईल नीट. डावा फार कडक झालाय, त्याची खात्री मी आत्ता देत नाही. उजवा बरा झाला की बघू." हे ऐकून ताईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली त्या दिवशी भाऊजी लहान मुलासारखे झाले होते. डावा डोळा तळहातानं झाकायचे, मग उजवा झाकायचे. "डाव्यानं सगळं चहात बुडवल्यासारखं दिसतं," म्हणाले. "आणि उजव्यानं बघ, चादर निळी आहे." चादर पांढरी होती, नीळ घातलेली. मग ताईकडे बघून म्हणाले, "अगं, तुझे केस इतके पांढरे झाले? मला कुणी बोललं नाही." ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. सगळं मार्गी लागलं असं मला वाटलं.

घरी येताच भाऊजी जिना न चढता सरळ शेडमध्ये शिरले. घड्याळवाल्यांची गाडी अजून तिथंच उभी होती. त्यांनी मागचं दार उघडलं. आपण काय करून ठेवलंय ते त्यांना दिसलं. "खडू," एवढंच म्हणाले. मग पुढचं दार उघडलं आणि तिथं मात्र ते थांबले. ॲशट्रे काढला. त्याच्या मागची जागा बघितली, सीट बघितली, पुन्हा ती जागा बघितली. पुढची सीट तंतोतंत होती. जो माणूस पांढरा आणि हस्तिदंती ओळखू शकत नव्हता, त्यानं ही सीट बरोबर रंगवली कशी, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला मला दिसला. फार वेळ लागला नाही. त्यांच्या हातातनं भांडं कुणाच्या हातात जायचं, हे त्यांना ठाऊकच होतं.

"कधीपासून?" त्यांनी ताईला विचारलं.

ताईनं आढेवेढे घेतले नाहीत. "सलूनच्या खुर्च्यांपासून."

"म्हणजे तो निळा."

"हो."

"मी त्या निळ्याचं गावभर सांगत फिरलो, आणि तू समोर बसून ऐकत होतीस." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "लोकांना फसवलंस याचं मला काही नाही. तू मला आंधळा ठेवलंस. पहिल्याच दिवशी बोलली असतीस तर हा डावा डोळा मोकळा झाला असता."

"ठेवलं," ताई म्हणाली. "तुम्ही रोज सकाळी गुणगुणत शटर उघडत होता. तेवढ्यासाठी ठेवलं. चुकलं माझं. पण मला ते गुणगुणणं बंद करायचं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"होतं. आणि मी हिच्याशी भांडले होते," मी म्हटलं. "माझं या घरात कुणी ऐकतं का?" कुणी हसलं नाही.

त्यानंतर घरात अबोला शिरला. भाऊजी जेवायचे, ताट उचलून ठेवायचे, डोळ्यात थेंब घालून घ्यायला ताईसमोर मान वर करून बसायचे आणि थेंब पडले की उठून जायचे. ताई रोज त्यांच्या डोळ्यात औषध घालायची आणि ते तिच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत, हे मला बघवायचं नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, शिक्षा द्यायची तर द्या, पण दिवस ठरवा." ते म्हणाले, "शिक्षा नाही गं. मी आठवतोय. कुठली सीट माझी आणि कुठली तिची, तेच कळत नाही आता."

डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली तशी त्यांनी मागची सीट पुन्हा घासून घेतली. पांढरा रंग पुसून काढला, भेगा भरल्या, बारीक कागदानं सीट साफ केली. मग डबे मांडले. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि उजव्या डोळ्यानं हस्तिदंती कालवायला बसले. मी मशीनवर होते, पण पाय चालवत नव्हते. ताई नेहमीच्या जागी, गाळायचं कापड हातात घेऊन उभी होती. बोलावलं नव्हतं कुणी, तरी आली होती.

कालवून झाल्यावर ते नेहमीसारखे कागद चिकटवायला गेले नाहीत. भांडं ताईसमोर ठेवून तिथंच उभे राहिले. मी उठून डोकावले. भांड्यातला रंग पिवळा होता. अगदी उघड पिवळा. नव्या डोळ्याला सगळंच निळसर पांढरं दिसत होतं ना, म्हणून त्यांचा हात पिवळ्याकडे जास्त गेला होता. नव्या डोळ्यानं केलेला पहिला रंग, आणि तोही चुकलेला.

ताईनं भांड्यात बघितलं. तिचा चेहरा बदलला नाही. तिनं कापड पसरलं, आणि जसं इतके दिवस करत आली होती तसा तिचा डावा हात आपोआप पांढऱ्या डब्याकडे गेला. भाऊजींनी तिचं मनगट धरलं.

"हातानं नाही," ते म्हणाले. "तोंडानं सांग."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली, कारण मी बोलले असते तर सगळं वाया गेलं असतं. मला वाटलं, ही आता म्हणणार, छान आहे.

"पिवळा जास्त झालाय," ताई म्हणाली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "अहो, पिवळा जास्त झालाय."

भाऊजींनी तिचं मनगट सोडलं. त्यांनी पांढऱ्या डब्यात काडी बुडवली, भांड्यात घातली, ढवळलं आणि ताईकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी रंगाबद्दल कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"आता?"

"अजून थोडा," ताई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण डोळे तिला भांड्यावरच ठेवायचे होते.

त्यांनी अजून थोडा घातला आणि पुन्हा विचारलं.